माझ्यावर नसलेला रकाना

पोह्यांचा रिकामा डबा.
वर्गातली खिडकीजवळची खुर्ची.
वर्तमानपत्रातल्या तक्त्यात एक आकडा : १.
कानामागची कातडी.
बहात्तर तास.

मित्रांनो, मी एक जुने गुलाबी कार्ड आहे. १९७८ साली नागपूरच्या एका दवाखान्यात माझ्यावर 'संघमित्रा भानुदास मेश्राम' हे नाव लिहिले गेले. माझ्यावर चार रकाने छापलेले होते. पहिला देवीचा. तो नर्सने रेघ मारून खोडला, कारण तो रोग देशातून गेला होता. बी.सी.जी., त्रिगुणी आणि पोलिओ हे तिन्ही भरले. "एकही डोस चुकला नाही हो तुमचा," नर्स म्हणाली. मला फार अभिमान वाटला.

मग विमान. अमेरिकेतले स्टेट कॉलेज नावाचे गाव. संघमित्राचा बाप भानुदास तिथल्या विद्यापीठात पीएच.डी. करू लागला.

१९८५चा ऑगस्ट. शाळेच्या ऑफिसात माझ्यावरचे मराठी कुणालाच वाचता येईना. "डॉक्टरकडून भाषांतर आणा," क्लार्कबाई म्हणाल्या. शाळा तर दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती. मग त्यांनीच दुसरा कागद पुढे केला : धार्मिक कारणास्तव लसींतून सूट. सही केली की मुलगी उद्या वर्गात.

भानुदासने सही केली. भाषांतर सवडीने करू, असे तो मला घडी घालताना पुटपुटला. मी पोह्यांच्या डब्यात, पासपोर्टांशेजारी पडून राहिले. सात महिने.

मार्च. शेजारच्या गावात गोवर आला. शनिवारच्या वर्तमानपत्राने शाळांच्या लसीकरणाचा तक्ता छापला. आमच्या शाळेपुढे : धार्मिक सूट, १.

रविवारी फोन वाजला. मीनाक्षीताई, दोन गल्ल्या पलीकडच्या.

"काय गं अंजना, नवा पंथ काढलात का? सगळ्या आया म्हणताहेत, तो एक म्हणजे तुमची संघमित्रा."

संघमित्राच्या आईने, अंजनाने, फोन ठेवला. तिला त्या सहीचे काही माहीतच नव्हते.

"धर्माचं कारण? आपल्या धर्माचं? बुद्धानं लस नको म्हटलं होतं का?"

"अगं, नुसता फॉर्म होता तो. अ‍ॅडमिशन अडलं असतं."

"बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून सांग हे."

अंजनाने डबा उघडला. "उद्या हे कार्ड दाखव. तो एक खोडून आण."

सोमवार, पावणेआठ. शाळेच्या नर्सने दारातच तिघांना थांबवले. शुक्रवारी वर्गात गोवर झालेला मुलगा होता. आजारपणानंतर बरा झाला समजून आला, तो एकच दिवस. नऊला वर्ग भरला तेव्हा तो खिडकीजवळच्या खुर्चीवर, संघमित्राच्या शेजारी बसला होता. सूट घेतलेल्या मुलांना आता शाळेत येता येणार नाही.

"बट आय अ‍ॅम नॉट सिक!" संघमित्रा म्हणाली.

"हिला सगळ्या लसी दिल्यात," भानुदासने मला उलगडले.

"वाचा, मिस्टर मेश्राम. एकेक."

त्याने वाचले. बी.सी.जी. त्रिगुणी. पोलिओ. त्याचे बोट माझ्या कडेपर्यंत गेले आणि थांबले. मला उलटवले. मागे कोरे होते.

"गोवर?" नर्सने विचारले.

मित्रांनो, त्या क्षणी मला पहिल्यांदा कळले. तो रकाना माझ्यावर कधी छापलाच नव्हता. जो रोग गेला त्याची जागा होती. जो आला त्याची नव्हती.

"बहात्तर तासांच्या आत लस दिली तर बऱ्याचदा रोग अडतो," नर्सने घड्याळाकडे पाहिले. "नऊला संपतात."

सात बावन्न. भानुदासकडे गाडी नव्हती, कॅम्पसची बस वीस मिनिटांनी. अंजनाने ऑफिसातूनच फोन लावला.

"मीनाक्षीताई—"

"थट्टा नंतर करीन. गाडी काढते."

आठ एकेचाळीस. दवाखान्यात सुई टोचली गेली. संघमित्राने मला मुठीत इतके आवळले की माझी घडी फाटली.

त्यानंतर दोन आठवडे अंजना रोज सकाळी लेकीचे केस उचलून कानामागे पाहत असे. गोवर तिथून उठतो म्हणतात. भानुदास पाहत नसे; तो दाराशी उभा राहून अंजनाचा चेहरा पाहत असे.

काही उठले नाही. पुढच्या तक्त्यात आमच्या शाळेपुढे : धार्मिक सूट, शून्य.

मित्रांनो, मला डब्यात जपू नका. बाहेर काढा, वाचा, आणि माझ्यावर काय नाही तेही विचारा. मी चुकवले काहीच नव्हते, तरी मी पुरे नव्हते.

नागपुरात माझ्यावर नाव लिहिले गेले, त्या वर्षी अमेरिकेत गोवराची लस पंधरा वर्षांची होती.