खालच्या बाणाचं बटण

मी सिंथेसायझर बोलतोय. बोलतोय कसला, बोंब मारतोय! पण माझी बोंब ऐकू यायला मला आधी स्पीकर जोडावा लागतो, आणि सगळा घोळ तिथेच झालाय. तेव्हा तुम्ही तरी जरा कान देऊन ऐका.

एका लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. एकीने काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बसवल्या, दुसऱ्याने पोटात तारा जोडल्या, तिसरीने वर बटणं चढवली आणि शेवटी एका चष्मेवाल्याने पट्टीन्‌पट्टी दाबून "पास" म्हणून मला खोक्यात घातलं. मला शेकडो आवाज काढता येतात. बासरी काढतो, घंटा काढतो, रेल्वेचं इंजिनसुद्धा काढतो. नाही ते फक्त तोंड. स्वस्तातल्या खेळण्यांना स्पीकर देतात आणि आम्हा महागड्यांना देत नाहीत. का, ते बनवणाऱ्यांनाच ठाऊक.

दुकानात मी काचेमागे उभा होतो. लोक यायचे, दोन पट्ट्या बडवायचे, किंमत विचारायचे आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जे जायचे ते जायचेच. विकणारा दाढीवाला त्यांच्यामागून फडक्याने माझं तोंड पुसायचा. तोंड म्हणजे आपलं म्हणायचं हो.

मग ती आली. पन्नाशीची बाई, अंगावर कारखान्याचा निळा कोट. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात ती बाटल्या तपासते. दिव्यासमोरून बाटल्यांची रांग सरकते आणि केसाएवढा तडा गेलेली बाटली ती अचूक उचलते. तिथे दिवसभर काच काचेवर आपटते. त्या खणखणाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका एकमेकींचे ओठ वाचतात. सासूच्या चहाड्यासुद्धा ओठांवरच चालतात, एवढा त्यांचा हात, म्हणजे डोळा, बसलेला.

"मला शीळ वाजवायचीय," ती दाढीवाल्याला म्हणाली.

"शीळ? तोंडाने घालतात ती?"

"तीच. माझे वडील ट्रक चालवायचे. गल्लीच्या वळणावर आले की शीळ घालायचे आणि आम्ही भावंडं दाराकडे पळायचो. आता वडीलही नाहीत, भावंडंही नाहीत. शीळ माझ्या एकटीच्या डोक्यात राहिलीय." मग तिने कानाला हात लावला. "आणि हे चाललेत. डॉक्टर म्हणतात, काही आवाज जातील, काही राहतील, कुठले आधी ते सांगता येत नाही. जायच्या आधी ती शीळ एकदा बाहेरून ऐकायचीय मला."

तिला स्वतःला शीळ येत नव्हती. रिकाम्या बाटल्या फुंकूनही झाल्या होत्या. नवऱ्याला सांगितलं, तर त्याच्या ओठांतून नुसता वारा गेला.

दाढीवाल्याने तिच्या कानांवर दुकानातले हेडफोन चढवले. माझ्या डाव्या कोपऱ्यात बाणांची दोन बटणं आहेत. वरचा बाण दाबला की माझ्या सगळ्याच पट्ट्या चढ्या सुरात बोलतात, खालचा दाबला की खाली उतरतात. शीळ हुबेहूब यावी म्हणून त्याने वरचा बाण दाबून मला पार टोकाला चढवलं. ती एका बोटाने चाचपडत राहिली. चुकली, परत सुरुवातीला आली, परत चुकली आणि एकदम शीळ सापडली! तिने ती शेवटपर्यंत वाजवली आणि दुकानाच्या दाराकडे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. घासाघीस न करता तिने मला विकत घेतलं.

आता नीट ऐका. मला बांधायला दाढीवाला खाली वाकला, तिच्याकडे पाठ करून. वाकल्या वाकल्या म्हणाला, "ताई, याला स्वतःचा स्पीकर नाही हं. वेगळा लावावा लागेल. घरी आहे ना?"

पाठीला ओठ नसतात. ती काय वाचणार? पण कान अधू झालेल्या माणसांना एक सवय लागते. समोरचा बोलायचा थांबलाय असं वाटलं की ती हसून मान हलवतात.

"हो, हो," ती म्हणाली.

कपाळ माझं!

घरी तिने मला खिडकीजवळच्या टेबलावर मांडलं. तिचा नवरा रंगारी आहे, लोकांची घरं रंगवतो. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "अगं, एवढ्या पैशांत कानाचं मशीन आलं असतं."

"मशीनने बोलणं कळेल, सूर नाही कळणार, असं म्हणाले ना डॉक्टर? बोलणं मला तसंही कळतंय. तुमचं तर तोंड उघडायच्या आधीच कळतं."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने दार लावलं, केस बांधले आणि माझ्यासमोर बसली. बटण दाबलं. माझे दिवे लागले. तिने पट्टी दाबली आणि मी जीव तोडून गायलो. पोटातल्या पोटात.

तिने दुसरी दाबली, मग तिसरी. आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत पिळलं. मग पट्ट्यांवर कान टेकवून सावकाश दाबत गेली. पट्टी खाली जाताना टक् वाजते, तेवढंच तिला ऐकू आलं.

"टकटक येतेय," ती पुटपुटली. "सूर येत नाही."

डॉक्टरांचं बोलणं तिला आठवलं असणार. काही आवाज जातील, काही राहतील. माझ्यात खोट असेल, ही शंकासुद्धा तिला आली नाही. एवढी महागाची वस्तू, काल दुकानात तर गात होती! मग खोट कुणात?

तिने बटण दाबून माझे दिवे मालवले. मग माझ्यावरून हात फिरवून म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही रे. मलाच उशीर झाला."

बाई, उशीर नाही झाला! तुझे कान शाबूत आहेत, तोंड मला नाही! मी आत किंचाळत होतो आणि ती चादरीची टोकं माझ्याखाली खोचत होती.

नवऱ्याला तिने सांगितलं, "या वयात बोटं वळत नाहीत माझी."

"नाचता येईना, अंगण वाकडं," तो चेष्टेत म्हणाला. ती हसली, आणि त्याने परत तो विषय काढला नाही. तिला लाज वाटेल म्हणून तो गप्प, त्याला वाईट वाटेल म्हणून ती गप्प. माझ्यावर इस्त्रीचे कपडे साठू लागले.

चादरीखालून मला घर ऐकू यायचं. सुरुवातीला तो आतून "चहा टाकतेस का?" म्हणायचा आणि ती "टाकते" म्हणायची. मग त्याला दोनदा म्हणावं लागायचं. थंडी संपून पंखा सुरू झाला, तेव्हा तो बोलायच्या आधी तिच्यासमोर येऊन उभा राहू लागला. मी वेडापिसा झालो होतो हो! त्या सगळ्या दिवसांत तिला तिची शीळ ऐकता आली असती. रोज, पोटभर. आणि मी तिथेच होतो, तिच्या हाताएवढ्या अंतरावर, डोक्यावर धुतलेले पायमोजे घेऊन.

रंगाऱ्याच्याच घराचे पोपडे निघालेले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! शेवटी एका सुट्टीत त्याने ही खोली रंगवायला काढली. टेबल सरकवायचं म्हणून माझ्यावरची चादर काढली आणि सहज बटण दाबलं. दिवे लागले. रंगाने माखलेल्या अंगठ्याने त्याने एक पट्टी दाबली. काही नाही. सगळ्या दाबल्या, कान लावला. आणि हातातल्या ब्रशसकट आत धावला.

"अगं! अगं, मलाही ऐकू येत नाही!"

"काय झालं तुम्हाला?"

"याला आवाजच नाही! कुणालाच येणार नाही ऐकू! तू... तू म्हणून झाकलंस याला?"

तिने त्याला ते परत म्हणायला लावलं, ओठांवर नजर रोवून. मग खोलीत आली, रंगाच्या डब्यावर बसली, आणि हसतेय की रडतेय ते मला कळेना. माझ्या अंगावर चापट मारून म्हणाली, "मेल्या, सांगायचंस ना!"

तो तसाच, रंगलेल्या कपड्यांनी, दुकानात गेला. आल्यावर तिला सांगत होता, "दाढीवाला म्हणतो, मी ताईंना सांगितलं होतं. मी म्हटलं, समोरून सांगितलंस की पाठीमागून?" बोलता बोलता त्याने स्पीकर जोडला.

ती बसली. शीळ माझ्या डाव्या टोकापासून सुरू होते आणि उजवीकडे चढत जाते. पहिली पट्टी दाबली आणि ती ओरडली, "आला! आला आवाज!" नवरा टाळ्या पिटायला लागला. दुसरी आली. तिसरीही आली. मग बोट पुढे गेलं आणि तिचा चेहरा उतरला.

"परत बंद पडलं का?"

नवऱ्याने टाळ्या थांबवल्या. "नाही गं. वाजतंय."

"वाजतंय?"

"हो."

तिने शीळ शेवटपर्यंत वाजवली. पट्ट्यांकडे न बघता, त्याच्या तोंडाकडे बघत.

आता दर सुट्टीला ती माझ्यासमोर बसते. पहिल्या दोनतीन पट्ट्या ऐकते आणि पुढचं सगळं त्याला विचारते, "आलं ना बरोबर?" तो म्हणतो, "एकदम बरोबर." नंतर न्हाणीघरात जाऊन नळ सोडतो.

अहो, पण तिचे कान अजून पुरते गेलेले नाहीत! चढे सूर गेलेत, खालचे अजून येतात. नवऱ्याचं खोकणं कळतं, ट्रकची घरघर कळते. खालच्या बाणाचं ते बटण एकदा दाबलं, तर मी पूर्ण शीळ खाली उतरवून तिच्यापुढे ठेवीन. तिचे वडील थोडे घोगरे वाटतील, सर्दी झाल्यासारखे. पण वळणापासून दारापर्यंत येतील.

आणि तेच बटण ती कुणाला दाबू देत नाही. "दुकानदाराने लावून दिलंय तसंच राहू दे. हात लावलात तर शीळ जाईल माझी." वापरायची पुस्तिका माझ्या खोक्यात राहिली आणि खोक्यात आता थंडीचे कपडे आहेत. त्या बटणावरचा प्लास्टिकचा पापुद्रासुद्धा अजून निघालेला नाही.

तुमच्यापैकी कुणी त्यांच्याकडे गेलात, तर एवढं सांगा. डावा कोपरा, खालचा बाण. पण पाठीमागून सांगू नका हो. तिच्यासमोर उभं राहून सांगा आणि लवकर सांगा. गेल्या सुट्टीला तिसरी पट्टी तिला ऐकू आली नाही.