बेसरा हाइट्स

फोटोतल्या पक्ष्याच्या चोचीला टोकाशी आकडा नव्हता. चोच सरळ निघून शेवटी जेमतेम झुकली होती. शिकारी पक्ष्याची चोच अशी नसते, हे प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या शरयू पानसेंना कुणी सांगायची गरज नव्हती. तरीही हे त्यांना दिसायला पंधरा वर्षं लागली, आणि दिसल्यालाही आता अकरा वर्षं होऊन गेली होती.

एक्याण्णवच्या जानेवारीत, धायरीत दत्तोबांच्या शेतातल्या बाभळीवर त्यांनी हा फोटो काढला. शिक्र्याचा दुर्मीळ भाऊबंद बेसरा, पुण्याजवळची पहिली नोंद, म्हणून तो छापूनही आला. दत्तोबा तेव्हाच म्हणाले होते, "बाई, पावशा हाय त्यो. हिवाळ्यात वरडत न्हाई, येवढंच." पावशा कोकिळेच्या कुळातला, पण पिसारा थेट शिक्र्यासारखा. बाईंनी त्यांना अर्धा तास छातीवरचे पट्टे समजावून सांगितले होते.

त्या एका नोंदीवर शरयूताई शहरभरच्या पक्षीनोंदी तपासणाऱ्या समितीवर गेल्या. "पुरावा?" एवढंच विचारून त्यांनी कितीतरी जणांचे दुर्मीळ पक्षी साळुंक्यांत जमा केले. स्वतःची दुरुस्ती मात्र दर जानेवारीत लिहायची ठरे, आणि दर जानेवारीत थंडी फार असे.

मग बाभूळ गेली. दत्तोबांचा मुलगा सर्जेराव बिल्डर झाला, आणि त्या जागेवर सात मजले उभे राहिले. नाव 'बेसरा हाइट्स'. आज कमानीचं उद्घाटन होतं आणि प्रमुख पाहुण्या अर्थातच बाई.

कमानीवर सिमेंटचा भलामोठा बेसरा बसला होता. शेजारच्या खुर्चीतून दत्तोबा वर बघत म्हणाले, "चोच कशी झ्याक वाकडी काढलीय. आपल्यावाल्याची सरळ व्हती, न्हाई का?"

"तुमच्या लक्षात आहे?"

"माज्या हाय. तुमच्या बी आसंल."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"येकदा बोललो व्हतो की. पट्टे मोजाय लावलं तुमी."

सर्जेरावांनी माइक पुढे केला. "मॅडम, बेसऱ्याबद्दल दोन शब्द. त्याच्या नावावरच तर बुकिंग झालं."

शरयूताई उभ्या राहिल्या. समोर पक्षीमित्र बसले होते; कमानीच्या उद्घाटनालाही गळ्यात दुर्बिणी होत्या. त्यातल्या निम्म्यांकडे त्यांनी कधी ना कधी पुरावा मागितला होता.

"एक्याण्णव सालची माझी नोंद चुकीची आहे," त्या म्हणाल्या. "तो पावशा होता. दत्तोबांनी ओळखला होता, मी नाही. ती नोंद मी मागे घेते."