खिडकीची हवा

ऊन पडलं होतं. निळ्याशार खाडीवर, हिमधवल शिखरांवर, गवताळ छपरांवर. आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावरचं सोनसळी, सोज्वळ, साळसूद ऊन. साळसूद म्हटलं ते उगाच नाही. एरवी त्या उन्हाआड वारा दबा धरून बसलेला असतो. त्या दिवशी मात्र वाराच नव्हता.

खिडकीशी आल्दिस उभी होती. थकलेली. तीन हिवाळे वडिलांना उठवून, बसवून, भरवून थकलेली. दिवसांनी थकलेली, रात्रींनी थकलेली. आणि खाटेवर थोर्केल, एके काळचा दर्यावर्दी, हातांत लोकरीचे मोजे चढवत होता. तिकडच्या कोळ्यांचे ते मोजे, एकेकाला दोन-दोन अंगठे. वल्हं मारून तळव्याची बाजू झिजली, की मोजा फिरवायचा आणि दुसऱ्या अंगठ्यात बोट घालायचं.

"आल्दिस, हवा बघ काय सुरेख पडलीय! मला होडीपर्यंत ने गं."

रोजचंच हे. त्याचे पाय गेले होते, आणि ते त्याला सांगायचं कुणी? आज ती इतकी दमली होती, की बोलूनच टाकणार होती. तोंड उघडलंही. पण त्या सूर्यस्नात, सुरकुतल्या, आसुसल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिने शब्द फिरवले.

"बाबा, ही नुसती खिडकीची हवा. आतून बघायची. बाहेर वारा सोलून काढतोय."

बाहेर गवताचं पातं हलत नव्हतं.

थोर्केलचा जन्म वारा ओळखण्यात गेलेला. त्याने शेजारच्या धुराड्यातून सरळ वर चढणारा धूर पाहिला. मग लेकीचे सुजलेले डोळे पाहिले. मोजे हळूहळू उतरवले.

"खरंय पोरी. खिडकीचीच हवा."

पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हेच सांगू लागला: ग्लुग्गावेदुर, खिडकीची हवा. शब्द खाडीभर झाला. आजही ऊन चकाकतं आणि वारा बोचतो, तेव्हा तिकडची माणसं सहज तो उच्चारतात. तो असाच जन्मला का, देव जाणे.

पुढच्या उन्हाळ्यात थोर्केल गेला. त्याला मातीआड केल्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. निर्मळ, निवांत, निर्वात.

शेजारीण अंगणातून ओरडली, "अगं, ये की बाहेर! आता कोण अडवतंय तुला?"

आल्दिस खिडकीशी बसली होती. हातात बाबांचा मोजा चढवलेला.

"नको गं," ती म्हणाली, "खिडकीची हवा आहे."

खाडी स्तब्ध होती, धूर सरळ चढत होता. आणि तिच्या हातावर मोज्याचा तो दुसरा अंगठा, रिकामा, उन्हात लोंबत होता.