पाणी कुठवर आलं

मायाच्या वेबसाइटला पहिल्या महिन्यात एकूण अकरा भेटी झाल्या. त्यातल्या सात माझ्या, तीन तिच्या स्वतःच्या, आणि उरलेली एक कोणाची ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

माया आठवीत, मी दहावीत, शाळा एकच. डोंबिवलीत आमची गौरीनंदन सोसायटी आहे, तिच्या मागे समता चाळ, आणि चाळीच्या अगदी शेवटच्या ओळीत माया राहते. आमच्या भागात पाणी सोमवार, बुधवार, शुक्रवार येतं. सकाळी सात ते नऊच्या मधे, कधीही. पालिकेचा चावीवाला येतो, नाक्यावरच्या चेंबरमध्ये उंच लोखंडी चावी घालून फिरवतो आणि जातो. तिथून पाणी आधी आमची धरून तीन बिल्डिंगींना लागतं, मग चाळीच्या पुढच्या ओळींना, आणि मायाच्या नळाला पोचेपर्यंत अर्धा तास जातो. तिथे ते जेमतेम वीस मिनिटं टिकतं. त्या वीस मिनिटांत घरात कोणी नसलं की पुढचे दोन दिवस शेजाऱ्यांकडे कळशी घेऊन फिरायचं.

मायाचे पप्पा कोलशेतला कंपनीत, पहिली पाळी, पाचलाच निघतात. आई, म्हणजे प्रीतीकाकू, लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी उपाशीपोटीच रक्त द्यायचं असतं, त्यामुळे साडेसहा ते साडेनऊ ती स्कूटरवर. राहिली माया. आणि मायाचा शिष्यवृत्तीचा तास असतो सात ते आठ.

सरांनी तिला स्पष्ट सांगितलेलं, अजून तीन गैरहजेऱ्या झाल्या तर जागा दुसऱ्या मुलीला. सर दुष्ट नाहीत. तीस जागा आहेत आणि बाहेर बारा जणी थांबल्यात.

म्हणून तिने वेबसाइट बनवलेली. एकच पान. वर लिहिलंय ‘पाणी कुठवर आलं’, खाली नाका, तिन्ही बिल्डिंगी आणि चाळीच्या चार ओळींची नावं, प्रत्येकासमोर हिरवं बटण. ज्याच्याकडे पाणी आलं त्याने दाबायचं, म्हणजे मागच्यांना कळतं. सगळ्यात तळाला, पान किती जणांनी पाहिलं तो आकडा.

"अर्धा तास आधी कळलं ना, तर आई दोन पेशंटच्या मधे येऊन भरून जाईल," माया मला शाळेच्या जिन्यात म्हणाली. "स्कूटरने दहा मिनिटं लागतात तिला."

"मग अडलंय कुठे?"

"कोणी दाबतच नाही गं."

"माझ्यावर सोड," मी म्हटलं.

हे मी हल्ली पटकन म्हणते. ऑगस्टमध्ये शाळेच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केलं तेव्हापासून. त्याआधी दुकानात सुट्टे मागायलाही मी धाकट्या भावाला पाठवायचे, आणि आता मला कोणाशीही, कशावरही बोलता येतं असं वाटतं. त्यामुळे प्रसिद्धी हे खातं आपोआपच माझ्याकडे आलं.

आईच्या फोनवरून सोसायटीच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला. मोठ्या अक्षरांत: ‘पाण्याची चिंता सोडा, आत्ताच खालच्या लिंकवर क्लिक करा.’ खाली नळाची तीन चित्रं. दहा मिनिटांत आमच्या सेक्रेटरी मंदाकिनीकाकूंचं उत्तर आलं: ‘कृपया कोणीही या लिंकवर क्लिक करू नये. पाण्याच्या बिलाच्या नावाखाली फसवणूक सुरू आहे. अक्षदाच्या आईचा फोन हॅक झालेला दिसतो.’

संध्याकाळपर्यंत तीन जण आईची चौकशी करून गेले. एकाने फोन तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितला.

"तू माझ्या नावाने अजून काय काय लिहिलंयस ते एकदाच सांग," आई म्हणाली, "म्हणजे मी उद्या खाली उतरायचं की नाही ते ठरवते."

मी मायाला सांगायला गेले तर ती नुसती हसली. "तुझा मेसेज मला पण फसवणुकीचाच वाटला," म्हणाली.

दुसरी युक्ती मला पोपटकाकांच्या टेबलाशी सुचली. नाक्यावर त्यांचं इस्त्रीचं टेबल आहे. तिन्ही बिल्डिंगींचे कपडे त्यांच्याकडे, चाळीतल्या ऑफिसला जाणाऱ्यांचेही. प्रत्येक गठ्ठ्यात एक चिठ्ठी ठेवली तर प्रत्येक घरात जाईल, आणि पोपटकाकांच्या गठ्ठ्यातून कोणी लुबाडतं असं मंदाकिनीकाकूसुद्धा म्हणणार नाहीत.

मायाने हाताने एकशेवीस चिठ्ठ्या लिहिल्या. अक्षर तिचं, मजकूरही तिचाच, कारण माझा मजकूर तिने पाहून बाजूला ठेवला. ‘मी माया, समता चाळ, शेवटची ओळ. तुमच्याकडे पाणी आलं की या पानावर एक बटण दाबाल का? आमच्याकडे उशिरा येतं.’ एवढंच, आणि खाली पानाचा पत्ता.

"साडीवाल्याची जाहिरात ठेव म्हणत होता एक जण, त्याची नाही ठेवली," पोपटकाका म्हणाले. "तुमची का ठेवू?"

मायाने चेंबरच्या झाकणाकडे बोट केलं. ते टेबलापासून दोन पावलांवर आहे.

"काका, चावी फिरते ती तुम्हालाच पहिली दिसते ना?"

"दिसते की. मग सकाळभर चाळीस जण विचारतात, पोपट, सोडलं का रे पाणी. चाळीस जणांना सांगू का इस्त्री बघू? परवा एका साहेबांची कॉलर करपली त्याच्यात."

"एकदा दाबा. चाळिसांना कळेल."

काकांनी बोट पँटला पुसलं आणि आपल्या फोनवर दाबून पाहिलं. पानावर आलं: ‘नाका, चावी उघडली, ४.१२.’ ते स्वतःचंच नाव पेपरात छापून आल्यासारखे बघत राहिले. "आत्ता नाही उघडली, पण," म्हणाले. "हे पुस बाई, लोक बादल्या घेऊन बसतील."

त्यानंतरच्या सोमवारी पान चौसष्ट जणांनी पाहिलं. पोपटकाकांनी सात दहाला बटण दाबलं, प्रीतीकाकू वेळेत घरी पोचली, माया तासाला बसली. बुधवारी एकशे ऐंशी. शुक्रवारी तीनशे बारा. मी दर सुट्टीत जाऊन मैत्रिणींना आकडे सांगत होते. मंदाकिनीकाकूंनी ग्रुपवर माझं कौतुक केलं. रविवारच्या मीटिंगमध्ये मला पुष्पगुच्छ देणार असं लिहिलं, आणि हॅकचा विषय कोणीच काढला नाही.

शुक्रवारी दुपारी तीनशे बारा सांगायला मी चाळीत गेले. माया उंबऱ्यात बसलेली, शाळेचा ड्रेस न घातलेली. मागे दोन्ही पिंपं कोरडी, झाकणं उघडी.

"आज तू तासाला नव्हतीस?"

"परवा पण नव्हते."

मी परवा पाहिलंच नव्हतं. मी आकडा बघत होते.

"काकू आली नाही का?"

"आलेली. दोन्ही दिवस. पाणीच नाही आलं. परवा आई रिकामी परत जाताना मला तासातून उठवून घरी पाठवून गेली, म्हणून आज मीच थांबले. वाटलं, उशिरा तरी येईल."

शेजारच्या दारातून केशरबाई बोलल्या. त्या दिवसभर नळाशेजारीच पाट टाकून बसतात, पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो तो त्यांना पहिला ऐकू येतो. "वारा आला नुसता. नळ जरा बोलला नि गप झाला. तुमच्या बिल्डिंगींच्या मोटरी घुंई करायला लागल्या ना, तेव्हाच."

मला कळायला थोडा वेळ लागला. आमच्या तिन्ही बिल्डिंगी लाइनला मोटर लावून पाणी ओढतात. तसं करायचं नसतं, पण सगळे करतात. आधी वॉचमनला पाणी आलेलं कळेपर्यंत, त्याने चहा संपवून मोटर लावेपर्यंत अर्धा-पाऊण तास जायचा, आणि तेवढ्यात मागच्या ओळींचं भागायचं. आता पोपटकाकांनी बटण दाबलं की मंदाकिनीकाकूंना पलंगावरच कळतं. त्या त्याच क्षणी वॉचमनला फोन करतात. बाकीच्या दोन बिल्डिंगींतही तसंच.

"मी काय बनवलं माहितीय, ताई?" माया म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "ज्यांना आधी मिळतं त्यांना अजून आधी मिळायची सोय."

"तू नाही. चिठ्ठ्या मी वाटल्या."

"लिहिल्या मी. आता एकच गैरहजेरी उरलीय. मी पान बंद करते. सोमवारी थांबते घरी, आणि सरांना सांगते जागा द्या दुसरीला."

"सोमवारपर्यंत थांब," मी म्हटलं. ‘माझ्यावर सोड’ या वेळी तोंडातून आलं नाही.

रविवारी सकाळी मी मंदाकिनीकाकूंकडे गेले. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता. चारशे लोकांसमोर माइक धरणं सोपं असतं, कारण त्यांच्यापैकी कोणाकडे काही मागायचं नसतं. काकू भाजी निवडत होत्या. मागे टेबलावर माझा पुष्पगुच्छ, प्लास्टिकमध्ये.

"काकू, मोटर अर्धा तास उशिरा लावता येईल का?"

"का गं?"

मी सगळं सांगितलं. मधे दोनदा अडखळले, जुन्यासारखी.

"हे बघ अक्षदा," काकू म्हणाल्या, "मोटर काही फक्त आपण लावत नाही. आणि चौतीस घरं आहेत आपली. टाकी भरली नाही तर जिन्यात मला पकडतात, तुला नाही."

"टाकी भरायला किती वेळ लागतो?"

"पाऊण तास. फार तर तास."

"आणि पाणी आपल्याकडे किती वेळ असतं?"

काकूंच्या हातातली गवार थांबली. त्यांना उत्तर माहीत होतं. आमच्याकडे पाणी दोन तास असतं.

"आणि चाळीत पोचलं, त्यांचं भरलं, हे मला इथे बसून कसं कळणार?" त्यांनी विचारलं.

"पानावर दिसेल. शेवटच्या नळासाठी मायाला वेगळं बटण करायला सांगते."

"सांग. मी बघते म्हटलंय, हो म्हटलेलं नाही." मग भाजीकडे बघत म्हणाल्या, "या चिठ्ठीतली माया, ती प्रीतीची मुलगी का? माझं रक्त घ्यायला येते ती?"

"तीच."

"हात हलका आहे तिचा," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा निवडायला लागल्या.

दुसऱ्या बिल्डिंगीच्या सेक्रेटरीबाईंनी दार उघडून सगळं ऐकलं आणि बरं म्हणाल्या. तिसऱ्या, शिवदर्शनच्या सेक्रेटरींनी जाळीच्या दारामागूनच विचारलं, "दहावी ना यंदा? मग अभ्यास कर बाळ." संध्याकाळच्या मीटिंगमध्ये माझ्या कौतुकाचा विषय चौथा होता. तिसऱ्या विषयात मोटरीवरून भांडण लागलं, चौथा आलाच नाही. परत जाताना तळमजल्यावरचे आजोबा मला म्हणाले, "आधी सांगायचं पाणी आलं, मग सांगायचं थांबा. फार हुशार झालात तुम्ही पोरी." त्यांचं पहिलं वाक्य खरंच होतं.

मायाने रात्री जेवायच्या आधीच दुसरं बटण केलं: ‘शेवटचा नळ भरला.’ ते दाबायचं केशरबाईंनी. त्यांना प्रीतीकाकूचा जुना फोन दिला.

"ह्या बोटाने का त्या?"

"कुठल्याही, आजी."

"ओलं असलं तर?"

"पदराला पुसून."

"आणि तू?" मी मायाला विचारलं. "उद्या घरी थांबणार का तासाला येणार?"

तिने पिंपांकडे पाहिलं. थांबली तर निदान स्वतःच्या डोळ्यांनी बघणार, पण जागा जाणार. आली आणि पाणी आलं नाही तर दोन दिवस घर कोरडं. "तुझ्या काकू हो म्हणाल्या का?"

"बघते म्हणाल्या."

"बरं," माया म्हणाली. ते कशासाठी होतं ते मला कळलं नाही.

सोमवारी सात वाजता मी शाळेच्या जिन्यात उभी राहिले. सात वाजून दोन मिनिटांनी माया आली, दोन वेण्या, पाठीवर बॅग, माझ्याकडे न बघता वर्गात गेली. शाळेत फोन चालत नाही. त्या दिवशी आमच्याकडे बीजगणितात काय शिकवलं ते मला विचारू नका.

साडेबाराला सुटल्यावर आम्ही दोघी भराभर चालत चाळीत आलो. एक पिंप काठोकाठ, दुसरं अर्धं. केशरबाई पाटावर होत्या.

"आई आली तुझी, टोपी पण नाही काढली डोक्यावरची," त्या म्हणाल्या. टोपी म्हणजे हेल्मेट. "भरलं नि पळाली. बारा मिनिटं चाललं. मग त्या पलीकडच्याची मोटर लागली. शिवदर्शनची. तुमची नव्हती, तुमचा आवाज मला कळतो."

केशरबाईंच्या हातातला फोन घेऊन मी पान उघडलं. नाका, सात वीस. शेवटचा नळ भरला, आठ चार. केशरबाईंनी ते तीनदा दाबलेलं. खाली आकडा शोधला तर तो नव्हताच.

"काढून टाकला," माया म्हणाली. "कशाला हवाय?"

मला तो हवा होता, खोटं कशाला सांगू. पुष्पगुच्छाचा विषय नंतर कधी कोणी काढला नाही.

माया अर्ध्या पिंपात हात घालून पाणी कुठवर आलंय ते बघत होती. मग झाकण लावलं, हात ड्रेसला पुसला.

"शिवदर्शनचे ते काका कितव्या मजल्यावर राहतात?"

"तिसऱ्या. अगं, पण ते दार उघडत नाहीत. जाळीतूनच बोलतात."

"जाळीतून ऐकू येतं ना?"

आम्ही गेलो. वाटेत मी मनात चार वाक्यं जुळवली, चांगली होती. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर माया माझ्या पुढे झाली आणि बेल तिनेच दाबली.