छत्रीचा ठराव

आमच्या सोसायटीचा नियम असा की टीव्हीची छत्री लावायची ती आपापल्या गॅलरीत. गच्चीला भोक पाडलं की स्लॅब गळतो. नियम पप्पांच्याच अक्षरात आहे, कारण ते सेक्रेटरी आहेत. दुसरं कुणी व्हायलाच तयार नसतं.

पण खालच्या मजल्यावरच्या पिराजीकाकांची गॅलरी उत्तरेला आणि छत्रीला लागतं दक्षिणेकडचं आकाश. काकांची आई, यल्लव्वा आज्जी, कर्नाटकातल्या संकेश्वरकडची. गावी एकटीच राहायची, तिथं पडली, खुबा मोडला, म्हणून काकांनी तिला इथं बावड्याला आणलं. तिला मराठीतले जेमतेम चार शब्द येतात, आणि केबलवरचं एकुलतं एक कन्नड चॅनल बंद झालं. "इथं बोलू कुणाशी? रविवारी मला एस्टीत बसव," असं तिनं काकांना बजावलं. पिशवीसुद्धा भरून ठेवली.

गच्चीसाठी ठराव हवा, ठरावाला सभा हवी आणि सभेला अठरापैकी बारा सभासद हवेत. पप्पांनी दोनदा सभा बोलावली आणि दोनदा पार्किंगमधल्या खुर्च्या गोळा करून परत आणल्या. शनिवारी तिसरी. आले चौघं: पप्पा, पिराजीकाका, मेथी निवडत बाळाबाई मावशी आणि चेअरमन विजयसिंहकाका.

"कोरम न्हाय. चला उठा," चेअरमन म्हणाले.

पप्पा गुपचूप खुर्च्या मिटायला लागले. तेच मला सहन झालं नाही. दुपारी मी भूगोल सोडून सोसायटीच्या नियमांचं पुस्तक वाचलं होतं.

"काका, थांबा की! कोरम नसला तर अर्ध्या तासानं तीच सभा घ्यायची. मग कोरम लागत न्हाय. नोटिशीत पण छापलंय."

पप्पांनी नोटीस डोळ्यांजवळ धरली. ते वाक्य ते सहा वर्षं जुन्या नोटिशीवरून उतरवत होते.

"तू सभासद हायस काय गं?" चेअरमननी विचारलं.

"न्हाय. पण वाचायला येतंय की मला."

"सेक्रेटरी, पोरगीला वकील करा," मावशी म्हणाल्या.

अर्धा तास आम्ही डास मारत बसलो.

मग चेअरमन म्हणाले, "गच्ची गळली की पाणी माझ्या घरात येतंय. दोन पावसाळं बादल्या लावून काढल्यात मी."

खोटं नव्हतं ते. पिराजीकाकांनी मान खाली घातली. "राहू दे. उद्या सोडून येतो आईला."

पप्पांनी कपाळ चोळलं. "भोकच पाडायचं न्हाय. डब्यात काँक्रीट भरून खांब उभा करायचा. स्लॅबला हात लावायचा न्हाय."

"आणि गळली तर?"

"तर मी सेक्रेटरीपद सोडतो."

"ते तर तुम्हाला कवाचंच सोडायचं हाय!" चेअरमननी लांब श्वास सोडला. "लिवा ठराव. पण दर महिन्याला गच्ची बघणार मी."

डबा वाळायला तीन दिवस लागले. तेवढं आज्जी थांबली. बुधवारी कन्नड बातम्या लागल्या आणि आज्जी टीव्हीतल्या बाईला काहीतरी ठसक्यात म्हणाली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"जरा सावकाश बोल म्हणती तिला," काका म्हणाले आणि पिशवीतली लुगडी कपाटात ठेवायला लागले.

मी उड्या मारत घरी आले. सभेला न आलेल्या पाचजणांचे छत्रीसाठीचे अर्ज टेबलावर पडले होते. पप्पा त्यांच्याशेजारी डोकं टेकून झोपले होते.