वरच्या दारची वाळू

धाकटीने विहिरीचं पाणी ओंजळीने तोंडात घेतलं आणि तिथल्या तिथे थुंकून टाकलं.

“खारट! अहो, ऐकताय का? विहीर गेली!”

नवरा गोठ्यापाशी उभा होता. गोठा म्हणजे आता तीनच भिंती. समुद्राकडची भिंत रात्रीच्या उधाणात बसली होती आणि तिच्या जागी शेवाळाचा, काटक्यांचा, मेलेल्या खेकड्यांचा ढीग येऊन पडला होता. त्यातच खुराड्यातली कोंबडी, पिसं चिकटलेली, पोट फुगलेलं. उकिरडा विरघळून वांग्यांच्या वाफ्यांत पसरला होता. वांगी, मिरची, कांद्याची पात, सगळं आडवं, आणि वर बुळबुळीत साय धरलेली. पाय टाकला की पचकन आवाज यायचा आणि खालून सडका भपका.

“शी!” धाकटीने काठीने कोंबडी बाजूला सारली. “हे शेत म्हणायचं की मोरी?”

“पुनवेचं उधाण होतं. मोठं होतं,” नवरा म्हणाला.

“पूनव काय काल पहिल्यांदा उगवली? मी लग्न होऊन आले तेव्हा समुद्र बघायला वाळूच्या टेकाडावर चढावं लागायचं. टेकाडाच्या पलीकडे एवढी वाळू, की उन्हात पाय भाजायचे. टेकाड कुठं गेलं? वाळू कुठं गेली?”

नवरा पडलेल्या भिंतीचे दगड गोळा करू लागला. मुळातच मऊ माणूस. गावात त्याला ‘लोणी’ म्हणत, आणि तोही त्या हाकेला ‘ओ’ द्यायचा.

“तुम्ही नका बोलू, मीच बोलते. तुमच्या भावाच्या दारात गेली.”

दोघा भावांची जमीन किनाऱ्याला लागून, शेजारी शेजारी. थोरल्याची वरच्या अंगाला, धाकट्याची खालच्या. या किनाऱ्याला लाट कधी सरळ येत नाही, तिरकी येते. येताना वाळू तिरकी किनाऱ्यावर ढकलते, परतताना सरळ पाण्यात ओढते. पुन्हा दुसरी लाट, पुन्हा तिरकी. असं करत करत वाळू वरच्या अंगाकडून खालच्या अंगाला चालत राहते. ती कुणाची नसते, वाटसरू असते. आज याच्या दारात, उद्या त्याच्या. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं, कारण वरच्या अंगाला पाण्यात गेलेली चप्पल खालच्या अंगालाच हुडकावी लागायची.

थोरल्याने हद्दीवर दगडांचा बांध घातला, किनाऱ्यापासून थेट पाण्यात आतवर. वाटसरूची वाटच अडवली. वरच्या अंगाला वाळू साठली आणि खळ्यासारखं ऐसपैस अंगण झालं. सगळ्या गावाच्या होड्या तिथे चढू लागल्या. थोरला सावलीत खुर्ची टाकून बसायचा आणि येणारा जाणारा त्याला रामराम करायचा. खालच्या अंगाला समुद्र रोजच्यासारखा ओरबाडत होता, पण भर घालायला मागून कुणी येत नव्हतं. बसून खाल्लं तर डोंगरही सरतो; इथं तर टेकाडच होतं.

बांध घातला गेला तेव्हा धाकटी आईच्या आजारपणात माहेरी होती. परत आली तर बांध तयार. तिला वाटलं, भाऊजींच्या लक्षात आलं नसेल, सांगितलं की समजतील. सांगून झालं, गोडीने झालं, जावेमार्फत झालं. आज ती चिखलाने भरलेल्या पायांनी तशीच निघाली.

थोरला ओसरीवर चहा पीत होता. थोरली दारात आली आणि तिने पदर नाकाला लावला.

“अगंबाई, कसला वास गं हा तुझ्या अंगाला?”

“तुमच्या बांधाचा आहे, जाऊबाई. भाऊजी, बांध काढा. गोठा पडला, विहीर खारट झाली.”

“अरेरे,” थोरला म्हणाला आणि बशी फुंकली. “पण समुद्र काय माझा गडी आहे? मी सांगितलं म्हणून तो तुझ्या गोठ्यात शिरतो?”

“वाळू अडते तुमच्या बांधाला.”

“अडावी म्हणूनच तर घातला.”

“आणि मग आमच्याकडे येणार नाही, हे कळलं नव्हतं तुम्हाला?”

“न कळायला मी काय डोंगरातून आलोय?” थोरल्याने शांतपणे चहाचा घोट घेतला. “कळत होतं, धाकटे. ज्याचं त्याने बघायचं असतं. आणि मला एकट्यालाच कळत होतं का? विचार तुझ्या नवऱ्याला. दगड वाहायला तोच होता माझ्याबरोबर.”

धाकटी आल्या पावली मागे फिरली. चुकून पाय पडला तर माणूस माफ करतो. हा बघून, मोजूनमापून पाय देऊन उभा होता, वर चहा पीत होता. आणि दुसरा पाय तिच्याच घरातला होता.

घरी येऊन तिने नवऱ्याला दारातच धरलं.

“दगड तुम्ही वाहिलेत?”

“दादाने बोलावलं.”

“आपलं रान बुडेल हे कळत होतं?”

तो नखाने फावड्याचा चिखल खरवडत राहिला. “कळत होतं. पण दादाला नाही कसं म्हणायचं?”

“शी,” धाकटी म्हणाली. तिने त्या दिवशी ताट वाढलं ते जमिनीवरून सरकवून दिलं, आणि स्वतः चुलीकडे तोंड करून बसली.

मग तिने गाव गोळा केलं. थोरल्याच्या दारापुढेच, होड्यांच्या अंगणात. थोरला खुर्चीत, बाकीचे वाळूत. आदल्या दिवशी विहिरीपर्यंत येऊन हळहळून गेलेले सगळे हजर होते. धाकटीने सांगायचं ते सांगितलं. मग कुणी खोकला, कुणी होडीची दोरी चाचपली. शेवटी ‘मडकं’ बोललं. मडकं म्हणजे गावातला सगळ्यात मोठ्या होडीचा मालक. पोटावरून नाव पडलेलं.

“तुझं खोटं नाही गं बाई. पण होड्या ओढायला इतकी सोय बापजन्मात नव्हती. एकाच्या वांग्यांसाठी सगळ्यांची सोय मोडायची म्हणजे...”

“काल माझ्या दारात काय म्हणालास? ‘थोरल्याला देव बघून घेईल,’ हेच ना?”

मडकं वाळूवर रेघोट्या ओढू लागलं. थोरला हसला. धाकटीने सगळ्यांकडे एकदा बघितलं, वाफ्यातल्या त्या बुळबुळीत सायीकडे बघितलं होतं तसं, आणि उठून गेली.

उन्हाळा चढला तशी वेगळीच गंमत झाली. गावाचा ओढा थोरल्याच्या घराला वळसा घालून समुद्राला मिळायचा. मोऱ्यांचं पाणी, मासळीची आतडी, गोठ्यांचं धुवण, सगळं तो मुकाट पोटात घालून भरतीओहोटीच्या हवाली करायचा. बांधाने अडलेली वाळू साठत साठत ओढ्याच्या तोंडावर चढली आणि तोंड बुजलं. पाणी तुंबलं, हिरवं झालं, मग काळं. वर बुडबुडे येऊन फुटायचे. बांधाच्या कोपऱ्यात वाहून आलेलं शेवाळ पुरुषभर साठलं आणि उन्हाने कुजून त्याचा लगदा झाला. त्यात माश्या अशा, की शेवाळच हलतंय असं वाटावं.

थोरली भाकरी तव्यावर टाकायची आणि परसात जाऊन ओकायची. थोरल्याने खुर्ची ओसरीवर नेली, ओसरीवरून माजघरात नेली. वास मागोमाग. धूर करून बघितला, तर धुराचा आणि कुजक्याचा मिळून तिसराच वास तयार झाला. मडक्याच्या घरात हगवण लागली. होडीवर जायचं तर मांडीभर काळ्या पाण्यातून चालावं लागायचं, आणि घरी गेल्यावर बायको दारातूनच ओरडायची, “आधी अंग खरवडून ये!”

मग एका सकाळी सगळं गाव पहारी घेऊन बांधावर आलं. थोरला आडवा आला नाही. नाकाला फडकं बांधून नुसता बघत राहिला.

मडक्याने कुंपणावरून हाक मारली, “ये गं धाकटे! तुझंच काम होतंय!”

“माझं काम? माझी विहीर नासली तेव्हा तुमची नाकं कुठं गेली होती?”

पहारी पडतच राहिल्या. तरी ती गेली. बांधाच्या टोकाला, कमरेएवढ्या पाण्यात तिचा नवरा सगळ्यांच्या आधीपासून दगड उपसत होता. बोटं सोलवटली होती. एक दगड त्याला एकट्याला हलेना. धाकटी पाण्यात उतरली आणि दुसऱ्या बाजूने हात घातला.

बांध फुटल्यावर खालच्या अंगाला पहिल्यांदा काय यावं? तीच घाण. ओढ्याचा काळा राडा आणि कुजकं शेवाळ रांग लावून धाकटीच्याच शेतापुढून गेलं. तिने दारं लावून घेतली आणि दोन दिवस गावाला पोटभर शिव्या घातल्या. तो राडा समुद्राने ओढून नेल्यावर हळूहळू वाळू दिसू लागली. आधी ओहोटीला एक बारीक पट्टा, मग रुंद. पुढच्या मोसमाला गोठ्यापुढे चांगली ऐसपैस वाळू पसरली. विहीर अजून खारटच होती. धाकटी लांबून हंडे आणायची आणि मागच्या उंचवट्यावर मिरचीची रोपं जगवायची. उधाण मात्र आता लांबच थांबायचं.

दोन होड्या तिथे चढल्या, तसा थोरला आला. सगळीकडे फिरून बघितलं आणि म्हणाला,

“ही वाळू माझ्या दारची आहे. मी अडवली म्हणून साठली, नाहीतर कधीच वाहून गेली असती. इथे होड्या लावायच्या तर मला विचारून लावायच्या.”

धाकटी टोपलीत खत भरत होती. तिला हसू आलं नाही, रागही आला नाही. नुसती शिसारी आली. तिने टोपली उपडी करून झटकली आणि थोरल्याच्या पायाशी ठेवली.

“तुमचीच आहे, भाऊजी. भरा आणि घेऊन जा वर.”

थोरल्याचा चेहरा काळवंडला. तो धाकट्या भावाकडे वळला. “बघतोस काय नुसता? सांग की हिला!”

धाकटा गोठ्यात गेला, फावडं घेऊन आला आणि टोपलीशेजारी आडवं ठेवलं.

“दादा,” तो म्हणाला, “हाताने भरणं व्हायचं नाही.”