भिंगरी सरांची लाथ आणि माझी वीतभर लबाडी

मित्रांनो, लाथा खाऊन जगणाऱ्या मोजक्या जीवांपैकी मी एक जुना पॅड आहे. आकाराने बॅडमिंटनच्या रॅकेटीएवढा, अंगाने लाल रेक्झिनचा आणि जन्मापासून दोन पानांचा. कोरियातून आलेली तायक्वांदो ही लाथांची कला शिकवणाऱ्या वर्गात एकाने मला मुठीत धरायचे आणि दुसऱ्याने लाथ मारायची, एवढाच माझा संसार. कारखान्यातल्या ज्या बाईंनी मला शिवले, त्यांनी माझ्या दोन पानांत मुद्दाम फट ठेवली. त्यामुळे नुसता अंगठा लागला तरी मी असा 'फाट्' वाजतो, की मारणाऱ्याला वाटावे आपण भिंत पाडली. खोटे कशाला बोलू, कौतुक करणे हा माझा धंदाच आहे.

ज्या सरांनी मला आणले त्यांना मुले पाठीमागे 'भिंगरी सर' म्हणतात. साधी सरळ लाथ त्यांना येत नाही असे नाही. पण उडी घ्यायची, हवेत गरकन दीड फेरा मारायचा आणि टाचेने मला हाणायचे, ही त्यांची खासियत. तरुणपणी ते लाथ मारतील तिथे पाणी काढत. पुढे पन्नाशी उलटली, गुडघा कुरकुरू लागला आणि उडी आखूड पडू लागली. सरांना मात्र याचा पत्ता नव्हता, कारण त्यांच्यासाठी मला धरायच्या मॅडम, म्हणजे त्यांच्या पत्नी. सरांची टाच निघाली की त्या मनगट हळूच पुढे करीत आणि मला टाचेपाशी नेऊन पोचवीत. 'फाट्' व्हायचे, मुले टाळ्या वाजवायची आणि सर घाम पुसत म्हणायचे, "अजून आहे बरं का पायात!" मॅडम नुसती मान डोलावीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि त्या मुठीत मी होतो.

आमच्या हॉलच्या खाली दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. वर वीस जण एकदम उडी मारून उतरले, की खालच्या खुर्चीतला पेशंट दचकून डॉक्टरांचे बोट चावत असे. तिसऱ्या बोटानंतर डॉक्टरांनी हॉलच्या समितीकडे तक्रार केली. समितीचे अध्यक्ष म्हणजे वजनमापे तपासणारे निवृत्त निरीक्षक. त्यांनी निरोप धाडला, "ही सर्कस कुणाच्या उपयोगाची आहे ते दाखवा, नाहीतर महिनाअखेरीला हॉल रिकामा करा." एवढा मोठा हॉल सरांना दुसरीकडे मिळणार नव्हता. वर्ग बंद म्हणजे सर घरी आणि मी माळ्यावर. मला घाम फुटला, आणि या खेपेस तो माझा स्वतःचा होता.

ठरल्या दिवशी अध्यक्ष आले. मॅडम मला उचलणार तोच ते म्हणाले, "वहिनी, राहू द्या. तपासणीच्या वेळी तराजू मी कधी दुकानदाराच्या हातात दिला नाही." त्यांनी मला धरले. मित्रांनो, असा हात मी जन्मात पाहिला नव्हता. मी तसूभर हलेना. मॅडमचा चेहरा उतरला.

"अहो, आज साधीच मारा ना."

"साधी कशाला? उपयोग दाखवायचाय!" असे म्हणत सर उडाले, गरकन फिरले, आणि त्यांची टाच माझ्या वीतभर अलीकडून निघून गेली. उरलेली गिरकी त्यांनी एकट्यानेच पूर्ण केली आणि धप्पकन बसकण मारली. खालून कुणीतरी कळवळून ओरडले. बहुधा चौथे बोट.

सर बसल्याबसल्या मॅडमकडे पाहत राहिले.

"तू हलवायचीस?"

"थोडंसं."

"किती?"

"वीतभर. तुमचा गुडघा दुखत असला की दीड."

मला वाटले, आता हे भडकणार. पण सर अध्यक्षांकडे वळले. "साहेब, खरं सांगतो. रस्त्यात कुणी अंगावर आलं तर ही लाथ काही कामाची नाही. त्याच्याकडे पाठ करून हवेत जायचं, म्हणजे मार खायला आपणच उभं राहायचं. तिथे सरळ लाथ घालायची आणि धूम ठोकायची."

"मग ही शिकवता कशाला?"

"सरळ लाथ शिकायला कोण येतं हो? मुलं उडायच्या आशेनं येतात. त्या नादात तोल सांभाळायला शिकतात, पडायला शिकतात, आणि सरळ लाथ हजारदा घोटून जातात."

"ती तरी बघू द्या."

सरांना उठवेना. तेव्हा मॅडम पुढे झाल्या. अध्यक्षांनी मला पोटासमोर धरले होते. उडी नाही, गिरकी नाही. मला धड वाजायलाही सवड मिळाली नाही. मी थेट अध्यक्षांच्या पोटावर आणि अध्यक्ष थेट मागच्या खुर्चीत.

"तुम्ही कधी शिकलात?" श्वास सापडल्यावर त्यांनी विचारले.

"बारा वर्षं समोर उभी आहे," मॅडम म्हणाल्या.

अध्यक्ष बराच वेळ पोट चोळत बसले. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं नोकरी केली. आपलं माप कमी भरतं असं आपल्या तोंडानं सांगणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला. हॉल राहू दे तुमच्याकडे. उड्या मात्र दवाखाना बंद झाल्यावर मारा."

त्या दिवशी सरांनी मॅडमना शपथ घातली, पॅड हलवायचा नाही. पुढचे दोन महिने मला नुसता वारा लागला, लाथ नाही. मला फार वाईट वाटायचे. सर मात्र रोज चुकायचे आणि रोज उठायचे.

मित्रांनो, आम्हा म्हाताऱ्या पॅडांना फार काही नको. घाम पुसून ठेवा, उन्हात टाकू नका, उसवलो तर दोन टाके घाला. आणि जिवाभावाच्या माणसासाठी आम्हाला धराल, तेव्हा हात घट्ट ठेवा. त्याला पोचायला उशीर होईल, तुमचाही जीव वरखाली होईल, पण तो पोचेल तेव्हा स्वतःच्या पायाने पोचेल.

परवा सरांची टाच मला लागली. अगदी कडेला, ओझरती. सरांनी वळून मॅडमकडे संशयाने पाहिले. "हलवलास ना?"

"नाही हो."

मी साक्षीला आहे, त्यांचा हात हलला नव्हता. नंतर मात्र वर्ग सुटून मुले घरी गेली तरी मॅडमनी मला खाली ठेवले नाही.